सोडियमच्या दिव्याखालची लाल गाडी

गेममधल्या रात्रीच्या रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे लावलेले असतात, तरी लाल गाडी लालभडक कशी दिसते, असं एका वाचकाने विचारलं आहे. ‘हुबेहूब प्रकाश’ म्हणून मिरवणाऱ्या जाहिरातींना अडचणीत आणणारा प्रश्न आहे हा.

कमी दाबाच्या सोडियम दिव्यातून जवळपास एकच प्रकाश निघतो, 589 नॅनोमीटरचा पिवळा. गाडीने तो परतवला तर ती पिवळी दिसेल, गिळला तर काळपट. लाल दिसणार कशी, लाल प्रकाश तिथे मुळात नाहीच. (आपल्या रस्त्यांवरचे जास्त दाबाचे दिवे थोडे उदार, त्यांच्याखाली लाल निदान तपकिरी तरी दिसतो.) संगणक मात्र हाच दिवा तीन आकड्यांत साठवतो: लाल 1, हिरवा 0.2, निळा 0. गाडी असते 0.8, 0.1, 0.1. गुणाकार केला की 0.8, 0.02, 0. झाली की लाल! किरण कुठे आदळला, कुठे वळला, हे सगळं गणित चोख, दिवाच खोटा.

लाल-हिरवा मिसळून केलेला पिवळा डोळ्याला फसवतो, कापडाला नाही. साडी दुकानाच्या दारात नेऊन उन्हात निरखणाऱ्या बायकांना हे ग्राफिक्सवाल्यांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

रंगाचे हे तीन आकडे काटेकोरपणे मोजले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोन इंग्रजांनी, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत. न्यूटन-मॅक्सवेलच्या गजरात यांचं नावही कोणी घेत नाही. राइटने 10 जणांना बसवलं, गिल्डने 7 जणांना. समोर एक शुद्ध रंग; शेजारी लाल, हिरवा, निळा प्रकाश कमीजास्त करून तो जुळवायचा. काही रंग, विशेषतः हिरवट निळे, काही केल्या जुळेनात. मग लाल दिवा पलीकडे, मूळ रंगातच मिसळायचा आणि हिशेबात तेवढा प्रकाश उणे मांडायचा. उणे प्रकाश! मला ही युक्ती फार आवडते. या 17 माणसांच्या नजरेवरून 1931 साली जे मानक ठरलं, त्यावरच आजच्या पडद्यांच्या रंगांचं मोजमाप उभं आहे. सोडियमच्या अस्सल पिवळ्याचे आकडे काढले तर त्यातही निळा उणे येतो. वर मी लिहिलेला 0 म्हणजे तोच उणे आकडा, सोयीसाठी पुसलेला.

पण राइट-गिल्डनी मोजला तो डोळ्यापर्यंत पोचलेला प्रकाश. दिवा आणि वस्तू यांच्यामधला हिशेब तीन आकड्यांवर ढकलला तो आपण, गणित स्वस्तात पडतं म्हणून. चित्रपटवाल्यांनी मात्र खर्च सोसला. न्यूझीलंडच्या वेटा कंपनीचं ‘मानुका’ (तिथल्या एका झाडाचं नाव) हे सॉफ्टवेअर प्रत्येक किरणासोबत काही तरंगलांबी निवडून घेतं, त्यांचाच हिशेब शेवटपर्यंत करतं आणि तीन आकड्यांवर येतं ते अगदी अखेरीस.

घरी ‘ब्लेंडर’ या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी साध्या बल्बचा रंग नजरेने निवडू नये, सरळ 2,700 केल्विन तापमान द्यावं. तापलेल्या तारेच्या प्रकाशात सगळ्या तरंगलांबी सलग असतात, त्यामुळे तिथे तीन आकडे बऱ्यापैकी निभावतात. सोडियमला हा उपाय नाही. तो रस्ता हवाच असेल तर आधी गाडीचा, झाडांचा, माणसांचा रंग काढून सगळं राखाडी करावं, मग पिवळा दिवा लावावा. लबाडी आहे, पण चित्र खऱ्याच्या जास्त जवळ जातं.