लेगोतून मालगाडीचा डबा: सुरुवात मापापासून

कोळसा वाहणारी तपकिरी उघडी वाघीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. रेल्वेच्या भाषेत ती ‘बॉक्सएन’. लेगोत तिचं मॉडेल करायचं, तर आधी प्रमाण ठरवा.

📏 आपला ब्रॉडगेज 1676 मिमी, लेगोच्या रुळांमधलं अंतर सुमारे 38 मिमी. म्हणजे प्रमाण 1:44. लेगोचे शेजारचे दोन स्टड (विटेवरचे गोल उंचवटे) 8 मिमी अंतरावर असतात. त्यामुळे कपलरसह सुमारे 10.7 मीटरची वाघीण साधारण 30 स्टड लांब होते. रुंदी हिशोबाने 9 स्टड येते, पण 8 घेतल्यास बांधणी सोपी जाते.

🔄 लेगोच्या वळणाची त्रिज्या फक्त 40 स्टड, म्हणजे 32 सेंमी. म्हणून दोन्ही बोगी (डब्याखालचे चाकांचे संच) फिरत्या ठेवा आणि चुंबकी कपलर डब्याला न लावता बोगीला लावा. ओढ रुळाच्या दिशेतच राहते, डबा घसरत नाही.

🧱 बाजूच्या उभ्या पट्ट्यांसाठी बाजूला स्टड असलेले ब्रिक वापरा.

⚫ कोळशासाठी 1×1 च्या काळ्या गोल प्लेट. खाली खोटा तळ दिला की थोड्याच पुरतात.

पहिला डबा रिकामाच वळणावरून ढकलून बघा. तो नीट गेला, की मगच पुढचे डबे बांधा!