शेक संपला, तोंड मात्र कोरडंच

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी देवरूख परिसरातले रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात किंवा कोल्हापुरात ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, घेऊन येतात. सहा-सात आठवड्यांनी घरी परतल्यावर तोंड कोरडं पडलेलं असतं आणि सल्ल्यांना तोटा नसतो. त्यातले काही पारखून घेऊ.

गैरसमज : पाणी कमी पडतं म्हणून तोंड सुकतं.
वस्तुस्थिती : कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींवर किरण पडल्याने लाळच आटते. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. पाण्याच्या घोटाने बरं वाटतं, पण दातांची राखण लाळच करते.

गैरसमज : चिंच, आमसूल चघळलं की लाळ सुटेल.
वस्तुस्थिती : सोललेल्या तोंडाला आंबट झोंबतं आणि लाळेविना उघडे पडलेले दात आम्लाने झिजतात. त्यापेक्षा बिनसाखरेचं च्युइंगगम बरं. जेवणात पेज, गुरगुट्या भात, बिनतिखट कुळथाची पिठी असावी.

गैरसमज : मशेरीने दात घट्ट राहतात.
वस्तुस्थिती : मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, कर्करोगाला पुन्हा आवतण. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट वापरावी. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. पांढरे चट्टे आणि आग दिसली तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज : आता जन्मभर असंच.
वस्तुस्थिती : अनेकांची लाळ वर्ष-दोन वर्षांत थोडीफार परतते. ग्रंथी वाचवून किरण देणाऱ्या ‘आयएमआरटी’ पद्धतीचा फायदा २०११ साली ब्रिटनमधल्या चाचणीत दिसला : वर्षभरानंतर जास्त कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता, नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना. लाळ वाढवणाऱ्या गोळ्याही आहेत. मात्र दमा किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

गैरसमज : दुखणारा दात काढला की सुटलो.
वस्तुस्थिती : शेक लागलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. दात काढल्याची जखम न भरता हाड कुजू शकतं, आणि हा धोका वर्षानुवर्षं राहतो. म्हणूनच खराब दात शेकाआधी काढून जखम भरायला दोनेक आठवडे देतात.

शेक मुंबईत झाला असला तरी दात दुखल्यावर आपण गावातल्याच दंतवैद्याकडे जातो. खुर्चीत बसण्याआधी त्यांच्या हातात किरणोपचारांची फाइल द्या.