कोठारातला उंदीर आणि वाटीतला दहीभात

तंजावरात मांजर पाळणाऱ्या शाकाहारी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आमच्याकडची मांजरं पिढ्यान्‌पिढ्या दहीभातावरच वाढली.’ सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग इथे आलेल्यांच्या वंशजांच्या घरात ते मराठीत बोललं जातं, शेजारच्या घरात तमिळमध्ये. पुण्यात दहीभाताऐवजी दूधभात म्हणतात, एवढाच फरक. ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे मांजर आणि दूध ही जोडी तपासून पाहावी असं कुणाच्या मनातही येत नाही. ती तपासायलाच हवी. कारण दारं-खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत या वाक्यावर विसंबलं, तर त्याचे डोळे आणि हृदय पणाला लागतात.

आधी त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मांजरांचं बघू. जुन्या तंजावरी घरात पुढे ओटा, मध्ये उघडा चौक, मागे परसू, आणि आत पत्तायम, म्हणजे साळी साठवायचं मोठं लाकडी कोठार. कावेरीचं खोरं भाताचं, त्यामुळे घरात धान्य आणि धान्यामागे उंदीर आलेच. मांजर पाळायचं तेच मुळी त्यासाठी. ते दिवसरात्र मोकळं फिरायचं. उंदीर, पाली, चिमण्या, बेडूक मारून खायचं. फक्त उंदरांवर पोट भरायचं तर मांजराला दिवसाला ८-१० छोटे उंदीर लागतात, आणि त्यातलं बरंचसं ते स्वतःच मिळवत होतं. घरच्यांना मात्र दिसायची ती वाटी. कोठारामागे, परसात, रात्रीच्या अंधारात झालेलं जेवण कुणी पाहिलेलंच नव्हतं. म्हणजे ते मांजर दहीभातावर जगत नव्हतं, उंदरांवर जगत होतं आणि वर थोडा दहीभात खात होतं. आता पत्तायम गेलं, परसू गेलं, चौथ्या मजल्यावर उंदीर नाही. जेवणातलं मुख्य अन्न गेलं आणि तोंडीलावणं तेवढं राहिलं. तरीही पुरावा म्हणून दाखला दिला जातो तो त्या जुन्या मांजराचाच.

उंदरात असं काय आहे जे दह्यात नाही? मांसात, विशेषतः हृदयासारख्या सतत राबणाऱ्या स्नायूंत, टॉरिन नावाचं द्रव्य असतं. माणूस आणि बहुतेक कुत्री ते आपल्या शरीरात पुरेसं तयार करतात. मांजराच्या शरीरात ते फार थोडं तयार होतं, आणि पित्तरसासाठी ते रोज खर्चही होतं, म्हणून ते रोज अन्नातून यावंच लागतं. भातात ते नाही, डाळीत नाही, गाईच्या दुधात नगण्य. १९७५ साली के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जो प्रयोग मांडला, तो दुधाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा. त्या मांजरांना प्रथिनं दिली होती ती केसिनच्या रूपात, आणि केसिन हे दुधातलंच मुख्य प्रथिन. प्रथिनाला कमी नव्हती. तरीही मांजरांच्या शरीरातलं टॉरिन घटलं आणि डोळ्याचा आतला पडदा झिजत गेला. पुढे १९८७ साली पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिलं की, हृदय फुगून दुबळं पडलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असतं आणि ते पोटात दिलं की हृदय सुधारतं. हृदय वेळेत सावरता येतं. झिजलेला पडदा परत येत नाही. यात आणखी भर अशी की, गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून आपण जीवनसत्त्व ‘अ’ बनवतो, मांजराला ते जमत नाही. त्याला ते प्राण्यांच्या अन्नातूनच तयार मिळावं लागतं.

यावर म्हटलं जातं, पण आमचं पिल्लू तर गुबगुबीत आहे. असेलच. भाताने वजन वाढतं, टॉरिन वाढत नाही. डोळ्याचा पडदा काही महिने, कधी काही वर्षं हळूहळू झिजतो, आणि सगळं घर पाठ असलेलं मांजर अर्धं आंधळं झालं तरी सोफ्याला धडकत नाही. उजेडातही त्याच्या बाहुल्या मोठ्याच राहतात, हे लक्षात येईतो उशीर झालेला असतो. दुसरा मुद्दा आवडीचा: ‘पायसमसुद्धा चाटूनपुसून खातं!’ मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव देणारं जनुक मांजरवंशात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. त्याला ओढ असते ती दुधातल्या स्निग्धतेची, आणि ओढ म्हणजे गरज नव्हे. तिसरा आक्षेप मला रास्त वाटतो: दुधाने जुलाब होतात, दह्याने होत नाहीत. खरं आहे. आईचं दूध सुटल्यावर पिल्लाची दुग्धशर्करा पचवण्याची ताकद घटते आणि दह्यात ती शर्करा कमी झालेली असते. म्हणून चमचाभर दही चालेल. पण पोट बिघडत नाही एवढ्यावरून ते अन्न पुरेसं ठरत नाही. आईविना सापडलेल्या पिल्लाला पाणी घातलेलं गाईचं दूध देणं तर त्याहून वाईट, कारण मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास प्रथिनं असतात आणि आपण आधीच पातळ असलेलं आणखी पातळ करतो.

राहतो आचाराचा प्रश्न, आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्या स्वयंपाकघरात पिढ्यांत मांस शिरलं नाही, तिथे मांजरासाठी चिकन शिजवा, असं सांगणं म्हणजे उपाय न सांगणंच. त्याची गरजही नाही. टॉरिनचा उलगडा झाल्यावर तयार खाद्य बनवणाऱ्यांनी त्याचं प्रमाण वाढवलं, आणि वाढत्या पिल्लांसाठी ‘संपूर्ण आणि संतुलित’ असा उल्लेख असलेलं पाकीट आज तंजावरातही मिळतं. त्याची बशी स्वयंपाकघराबाहेर ठेवली की झालं. पहिलं वर्षभर पिल्लाचंच खाद्य द्यायचं. सरफोजीराजांच्या काळच्या ‘सरभेंद्र पाकशास्त्रा’त शाकाहारी आणि सामिष दोन्ही पाककृती आहेत. ज्याचं त्याचं जेवण वेगळं असतं हे या गावच्या मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. आणि पशूला मांस देववतच नसेल, तर मांजर न पाळता ससा पाळावा. ती निवड माणसाने करायची, तिची झळ पिल्लाला लागता कामा नये.

उलट्या टोकाची चूकही होते. मांसाहारी घरात पिल्लाला नुसते बोनलेस तुकडे दिले जातात. त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. काही आठवड्यांत हाडं पोकळ होतात आणि टेबलावरून मारलेल्या उडीत पाय मोडतो. रोज कच्ची मासळी दिली तर काही माशांमधलं एक विकर ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करतं. स्वस्त पडतं म्हणून कुत्र्याचं खाद्य आणलं, तर त्यात मांजरापुरतं टॉरिन असेलच असं नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘घराबाहेर जात नाही, मग लस कशाला?’ कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा विषाणू चपलेला लागून आत येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस द्यावेत असं जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटना सांगते, शिवाय रेबीजची लस वेगळी. ‘एकदा तरी व्यायला हवी’ याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. भाटी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते, त्याआधी नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली बरी. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, एक गोळीही जीव घेते. आणि ‘दोऱ्याशी खेळू दे, मांजरच ते’ हे फुलांच्या या गावात विशेष धोक्याचं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला गजऱ्याचा दोरा किंवा केळीच्या सोपटाचा धागा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं आतड्यात उतरलं की आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि चिरतं. पिल्लू उलट्या करत असेल आणि जिभेखाली किंवा शेपटीखाली दोरा दिसला, तर तो ओढू नका. थेट पशुवैद्याकडे न्या. जिल्ह्यात ओरत्तनाडला २०१२ पासून शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.