चक्कर आली म्हणजे ‘शुगर’ कमी झाली?

एकादशीची सकाळ. शेजारच्या काकूंनी मधुमेहाची गोळी नेहमीच्या वेळेला घेतली, पण पोटात गेला तो फक्त बिनसाखरेचा चहा. अकराच्या सुमाराला साबुदाणा परतताना त्यांचे हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, डोकं ठणकायला लागलं. “उपासाचं पित्त झालंय, जरा पडते,” असं म्हणून त्या खोलीकडे वळल्या. सुनेने त्यांना थांबवलं आणि बोटाला सुई टोचून साखर तपासली. आकडा होता ५८.

साखर, डोकेदुखी आणि चक्कर यांचं नातं आहेच. पण घरोघरी समजतात तितकं ते सरळ नाही.

गैरसमज : चक्कर आली की साखर कमीच झालेली असते.
वस्तुस्थिती : मधुमेह असलेल्यांची साखर ७० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) खाली गेली तर ती कमी मानतात. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो आणि त्यासाठी त्याला ग्लुकोज लागतं. ते कमी पडलं की डोकं दुखतं, भोवळ येते, काही सुचेनासं होतं. पण वाढलेल्या साखरेनेही डोकं दुखतं. साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीवाटे जाऊ लागते आणि सोबत पाणीही नेते. शरीर कोरडं पडतं, डोकं जड होतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून आधी आकडा पाहा. मीटर हाताशी नसेल आणि रुग्ण इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असेल, तर मात्र साखर कमी झाली असं धरून लगेच साखर द्या. थोडी साखर वाढण्यापेक्षा ती घसरत राहणं जास्त धोक्याचं.

गैरसमज : मधुमेह आहे, म्हणजे प्रत्येक चक्कर साखरेचीच.
वस्तुस्थिती : कूस बदलताच खोली गरगर फिरत असेल, तर दोष बहुधा कानाच्या आतल्या भागात असतो. उभं राहताच अंधारी येत असेल, तर रक्तदाब उतरत असण्याची शक्यता असते. जुन्या मधुमेहात नसा दुबळ्या झाल्यानेही असं होतं. चकरेबरोबर अचानक तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा हातातली ताकद गेली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

गैरसमज : सकाळी डोकं दुखलं, म्हणजे झोप नीट झाली नाही.
वस्तुस्थिती : इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर झोपेतही घसरू शकते. घामाने ओले कपडे, भयंकर स्वप्नं आणि उठल्यावर डोकेदुखी या त्याच्या खुणा. डॉक्टर अशा वेळी रात्री दोन-तीनच्या सुमाराला साखर तपासायला सांगतात.

गैरसमज : साखर पडली की पेढा किंवा चॉकलेट द्यावं.
वस्तुस्थिती : स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटलं की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटं खायला द्या. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना ग्लुकोजच हवं, कारण या गोळ्यांमुळे साधी साखर पचायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

गैरसमज : उपाशीपोटी डोकं दुखतं, म्हणजे मलाही ‘लो शुगर’ आहे.
वस्तुस्थिती : निरोगी माणूस उपाशी असला, तरी त्याचं यकृत रक्तात साखर सोडत राहतं. मधुमेह नसताना उपासात दुखणाऱ्या डोक्यामागे चुकलेला चहा, कमी प्यायलेलं पाणी, अपुरी झोप किंवा अर्धशिशी असू शकते.

काकूंना सुनेने लगेच साखरेचं पाणी दिलं. पाव तासाने आकडा ९० च्या वर आला. ‘पित्त’ समजून त्या निजल्या असत्या, तर दुपारपर्यंत कुणी त्यांना उठवलंही नसतं. उपास सोडा असं त्यांना कुणी म्हटलं नाही. उपासाच्या दिवशी कोणती गोळी, किती आणि केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद आता देवघरातल्या दिनदर्शिकेला टाचलेला आहे, एकादशीच्या तारखेशेजारी.