‘लेझरनं करता का टाक्याचं?’

मूर्तिजापूर स्टेशनवर सकाळच्या गाडीला गर्दी असते. कारंजा, दर्यापूरकडून एसटीने आलेले लोक इथून एकतर अकोला गाठतात, नाहीतर बडनेऱ्याला उतरून अमरावतीला जातात. त्यांत लेकाच्या किंवा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी म्हातारी माणसं बरीच असतात. बहुतेकांच्या हातात थेंबांच्या बाटलीची पिशवी आणि दवाखान्याची फाइल असते. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “डाक्टरसायब, लेझरनं करता का टाक्याचं?”

हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यात बराच गोंधळ भरलेला आहे. खेड्यापाड्यात ‘लेझरनं केलं’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातल्या बहुतेक शस्त्रक्रियांत लेझर नसतोच. त्या ‘फेको’ असतात. फेकोत काम करतो तो ध्वनी, आणि तोही आपल्याला ऐकू न येणारा.

बुबुळाच्या मागे मसुरीच्या घाटाचं, पण तिच्याहून मोठं असं नैसर्गिक भिंग असतं. त्यातली प्रथिनं शिस्तीत रचलेली असतात म्हणून ते पारदर्शक राहतं. वय वाढतं, मधुमेह जडतो, कधी डोळ्याला मार बसतो, आणि ती रचना बिघडून भिंग गढूळ व्हायला लागतं. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर चढलेला पडदा नाही. त्यामुळे तो पुसता येत नाही, थेंबांनी विरघळत नाही आणि लेझरने जाळूनही टाकता येत नाही. ते भिंग बाहेर काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवणं, एवढा एकच इलाज आहे.

फेको पद्धत अमेरिकेतले डॉ. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. बुबुळाच्या कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद घेतात आणि त्यातून पोकळ सुईसारखं टोक आत नेतात. हे टोक सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा थरथरतं. त्या थरथरीने गढूळ भिंगाचे तुकडे होतात आणि त्याच नळीतून ओढले जातात. भिंगाभोवतीची पातळ पिशवी मात्र जागेवर ठेवतात, कारण घडी घातलेलं नवं भिंग तिच्यातच सोडायचं असतं. आत गेल्यावर ते हळूहळू उलगडतं. छेद इतका लहान असतो की तो आपला आपण मिटतो.

म्हणजे टाके नाहीत, म्हणून लेझर, असा अर्थ लोकांनी लावला. पण बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेला फेकोचं यंत्रही लागतंच असं नाही. सहा-सात मिलिमीटरचा छेद तिरपा, बोगद्यासारखा घेतला की तोही टाक्याविना बंद होतो. सरकारी रुग्णालयांत आणि शिबिरांत हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. जे. जे. रुग्णालयात काम केलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले आणि टाकेविरहित शस्त्रक्रिया महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत करून दिली. आनंदवनात जाऊन त्यांनी कुष्ठरुग्णांचे डोळे उघडले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दृष्टी परत येण्यासाठी सगळ्यात महागडं यंत्रच लागतं, हा समज या एका डॉक्टरांच्या कामापुढेही टिकत नाही.

मग खराखुरा लेझर कुठे असतो? त्याचं नाव फेम्टोसेकंद लेझर. एका सेकंदाचे दहा लाख भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी करायचे, तेव्हा कुठे एक फेम्टोसेकंद हाती लागतो. या लेझरचे झोत अशा काहीशे फेम्टोसेकंदांचे असतात. ते इतके क्षणिक असल्यामुळे शेजारच्या भागाला उष्णता लागायच्या आतच नेमक्या बिंदूवर सूक्ष्म बुडबुडा तयार होतो आणि पेशीजाल तिथे विलग होतं. असे अतितीव्र, अतिलघू झोत तयार करण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडली. तिच्यासाठी त्यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बुडापेस्टचे डॉ. झोल्टान नाज यांनी २००८ मध्ये हा लेझर मोतीबिंदूसाठी पहिल्यांदा वापरला.

रुग्णाला यात एक टप्पा वाढतो. थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि त्याला यंत्राखाली झोपवतात. डोळ्यावर एक कडं हलकेच चिकटतं, थोडा दाब जाणवतो आणि काही क्षण दिसणं अंधुक होतं. संगणक आधी डोळ्याच्या आतलं चित्र घेतो. त्यानुसार लेझर छेद आखतो, पिशवीच्या पुढच्या भागात गोल खिडकी कापतो आणि भिंगाच्या फोडी करतो. हे सगळं मिनिटभराच्या आसपास उरकतं. पण फोडी अजून डोळ्यातच असतात! त्या काढायला पुढे फेकोचंच यंत्र आणि सर्जनचाच हात लागतो. कड्याच्या दाबाने डोळ्याच्या पांढऱ्या भागात कधी लाल डाग दिसतो. तो एक-दोन आठवड्यांत जिरतो.

लेझरची खिडकी रेखीव येते, यात शंका नाही. पण त्यामुळे माणसाला जास्त दिसतं का? फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांनी नऊशेहून जास्त रुग्णांच्या १,४७६ डोळ्यांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली आलेल्या त्या अभ्यासात लेझर फेकोहून सरस ठरला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्षही तसाच निघाला. तेव्हा लेझर परवडत नाही म्हणून शस्त्रक्रिया लांबवणाऱ्या कुटुंबाने मनातली रुखरुख काढून टाकावी. फेकोने वा छोट्या छेदाने केलेली शस्त्रक्रिया दुय्यम नसते.

‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला मात्र खरंच घात करतो. पूर्वी अख्खं भिंग काढत, तेव्हा पिकलेला मोतीबिंदू सोयीचा पडे. आज उलट आहे. कडक झालेलं भिंग फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि तिचा त्रास बुबुळाला होतो. पांढऱ्याफेक मोतीबिंदूतून लेझरचा प्रकाशही नीट आत जात नाही. ‘हिवाळ्यातच करा’ यालाही आता आधार नाही.

शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजतात, त्यावरून भिंगाचा नंबर ठरतो. रक्तातली साखर, रक्तदाब तपासतात. शस्त्रक्रियेच्या वेळी माणूस जागा असतो. त्याला लख्ख उजेड दिसतो, रंग हलताना दिसतात, पाण्याचा गारवा जाणवतो. पंधरा-वीस मिनिटांत बहुधा काम होतं आणि तो त्याच दिवशी घरी जातो. साध्या भिंगाने लांबचं छान दिसतं, पण वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर शस्त्रक्रिया फसली असं वाटत राहतं.

पट्टी निघाल्यावर अनेकांना रंगांचं नवल वाटतं. पिवळटलेल्या भिंगातून वर्षानुवर्षं मळकट दिसणारा ओट्यावरचा कापूस एकदम पांढराशुभ्र दिसतो. आकाश जरा जास्तच निळं भासतं. उपचार झालेला आणि न झालेला डोळा आळीपाळीने झाकून पाहिला की हा फरक कुणालाही कळतो.

काही जणांना काही महिन्यांनी वा वर्षांनी त्याच डोळ्याने पुन्हा धुरकट दिसू लागतं. मोतीबिंदू परत आलेला नसतो, भिंगामागची पिशवी धूसर झालेली असते. इथे मात्र याग नावाचा लेझरच कामाला येतो. यंत्रावर हनुवटी टेकवून बसायचं, सुई नाही, छेद नाही. काही मिनिटांत पिशवीत खिडकी पडते.

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे थेंब वेळेवर टाकावेत, डोळा चोळू नये, डोळ्यात पाणी आणि चुलीचा धूर जाऊ देऊ नये. बसवलेल्या भिंगाचं कार्ड मिळतं, ते फाइलमध्ये जपून ठेवावं. आणि डोळा ठणकू लागला, लाली वाढली किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर आतमध्ये जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची किंवा शेतातली वेचणी संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी मिळेल ती गाडी धरून डॉक्टरांकडे जा.