मृताच्या रक्तातील मद्यार्क



लातूरच्या एका गोदामात, ऐन वैशाखात, पोत्यांची थप्पी कोसळून एक हमाल दबला. गोदामाला बाहेरून कुलूप होते. प्रेत हाती लागले ते तिसऱ्या दिवशी. पुढे रासायनिक पृथक्करणाचा कागद आला. त्यावर एकच ओळ होती : रक्तात एथिल मद्यार्क, १०० मिलिलिटरला ४६ मिलिग्रॅम. १९२३ च्या भरपाई कायद्यात, कामगार दगावला असेल तर दारूचा आक्षेप चालत नसे. पण अपघात-विम्याच्या करारात तो होता, आणि विमा कंपनीने तोच पुढे केला. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, ते कधी थेंबाला शिवले नाहीत हो." असे प्रत्येकच बायको म्हणते, असे तेव्हा माझ्या मनात आले, हे कबूल करतो. आमच्या हमालांत दारू नाही असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. रसायनाची पुस्तके उघडली ती या कागदापायी.

आपणांपैकी पुष्कळांनी शिंदीचा रस पाहिला आहे. पहाटे गोड असतो, ऊन चढले की तोच डोक्यात चढू लागतो. त्यात कोणी दारू ओतत नाही. हवेतले किण्व साखर खाऊन मद्यार्क करतात. मृत शरीरातही हेच घडते. प्राण गेला की आतड्यातील जंतूंना अडवणारे कोणी उरत नाही. ते रक्तात शिरतात, तेथील साखर आंबवतात, आणि न प्यालेल्या माणसाच्या रक्तात मद्यार्क तयार होतो. उन्हाळ्यात हे काम झपाट्याने चालते, मधुमेह्याच्या शरीरात अधिकच. बहुधा प्रमाण थोडे राहते, पण क्वचित ते १०० मिलिग्रॅमच्याही वर गेलेले आढळते. जिवंत मोटारचालकासाठी कायद्याने ३० ची मर्यादा घातली आहे. तिसऱ्या दिवशीच्या प्रेताला तोच गज लावणे म्हणजे आंबलेल्या रसावरून झाडाला दारुडे ठरवणे होय.

मग खरे-खोटे कसे निवडावे? पूर्वी नारिंगी डायक्रोमेट हिरवे झाले की मद्यार्क आहे एवढे कळे. एथिल की मेथिल, हे तो रंग सांगत नसे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे गेली ती मेथिलने, म्हणून हा फरक जिवाशी गाठ घालणारा आहे. आता गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र प्रत्येक मद्यार्क वेगळा काढून मोजते. त्यात नॉर्मल प्रोपॅनॉल दिसला तर कुजण्याचा संशय घ्यावा, कारण तो काही जंतूंची करणी असतो. तो दिसला नाही म्हणून कुजणे झालेच नाही, असे मात्र नव्हे. किण्व तो फारसा करीत नाहीत.

याहून पक्का साक्षीदार यकृतात तयार होतो. प्यालेल्या मद्यार्काचा अल्पसा भाग जिवंत शरीर एथिल ग्लुकुरोनाइड आणि एथिल सल्फेट या दोन रूपांत बदलते. नुसत्या आंबण्याने ते होत नाहीत. पहिल्याला काही जंतू खाऊन टाकतात, म्हणून दोन्ही तपासावेत. डोळ्याच्या गोळ्यातील काचेसारख्या द्रवापर्यंत जंतू उशिरा पोचतात. तोही घ्यावा, पण वेळेत, उन्हाळ्यात तो सुकतो.

नमुना चुकला तर यंत्र काय करणार! हृदयातल्या रक्तात पोटातील मद्यार्क झिरपू शकतो, म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यावे. बाटलीत सोडियम फ्लोराइड घालावे, म्हणजे पुढचे आंबणे थांबते. ती थंड जागी ठेवावी. आणि दारूचाच शोध असेल तर अवयव स्पिरिटमध्ये ठेवू नयेत, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवावेत. ही गोष्ट सांगावी लागते याचेच नवल वाटते.

आम्ही हे सारे प्रश्न लिहून पाठवले. रक्त कोठून घेतले? फ्लोराइड होते का? डोळ्यातील द्रव घेतला का? उत्तर एवढेच आले की, रक्ताखेरीज काही घेतले नव्हते आणि नमुना आता शिल्लक नाही. अखेर अर्ध्या रकमेवर तडजोड झाली. सही करताना ती बाई म्हणाली, "ते प्याले नव्हते, एवढं कागदावर लिहून द्या." ते लिहून देणे त्या खोलीत कोणालाच शक्य नव्हते.