दुसऱ्या दिवसाचं रक्त

सकाळी सातला लॅबचं शटर वर जातं तेव्हा बाहेर शुगर तपासायला आलेल्या ज्येष्ठांची रांग असते. त्यांच्यात एखाददुसरी तिशीतली बाई, बहुधा एकटी, चिठ्ठी घडी करून मुठीत धरलेली. काउंटरशी आली की हळूच सांगते, "ताई, आज दुसरा दिवस." पाळीचा. मला तेवढं पुरतं. मूल हवं म्हणून होणाऱ्या या हार्मोन-तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तरी बहुतेकजणी चहासुद्धा न घेता येतात. कुठल्या हाताची शीर चटकन सापडते, हेही त्याच सांगतात.

चिठ्ठीवर एफएसएच, एलएच, ई-टू, एएमएच अशी ओळ असते. पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, अर्धा तास गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजला लावायचं. वर राहिलेला पिवळसर सीरम मशीनमध्ये जातो. रुग्णांचे नमुने लावण्याआधी किंमत ठाऊक असलेले कंट्रोल चालवून मशीन खरं बोलतंय ना, ते बघायचं. मग आकडा येतो. आमच्या रिपोर्टवर पाळीच्या पहिल्या टप्प्यासाठी एफएसएचची वरची मर्यादा बाराच्या पुढे छापलेली आहे, त्यामुळे 11 आला तरी तो ठळक होत नाही. क्लिनिकमध्ये मात्र 10 ओलांडला की डॉक्टर त्याभोवती पेनाने गोल काढतात. त्या गोलाने बायकांची झोप उडते.

एफएसएच येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीतून. अंडाशयातली फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या इवल्या पिशव्या, वाढवणं हे त्याचं काम. फॉलिकल वाढू लागली की इन्हिबिन बी आणि इस्ट्राडिओल (चिठ्ठीवरचं ई-टू) सोडतात, आणि ते रक्तात चढलं की पिट्युइटरी हात आखडता घेते. फॉलिकल थोडीच उरली असतील तर हा निरोप क्षीण पोचतो. हाकेला ओ आली नाही की हाक मोठी होते, तसा एफएसएच चढत जातो. साठीतल्या बाईच्या रिपोर्टवर 60-70 दिसला तर मी दुसऱ्यांदा बघतही नाही. तिथे तो असाच असायचा. बत्तिसाव्या वर्षी 18 दिसला की बघते. चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन, केमोथेरपी, एखादा जनुकीय दोष, अशी कारणं कधी सापडतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

वाढलेला आकडा सगळ्यांना दिसतो. घटलेला फसवतो, आणि माझ्या मते लॅबमधल्या माणसाने खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. समजा एफएसएच 7 आहे, पण त्याच ट्यूबमधला ई-टू 95. अंड्यांचा साठा कमी असलेल्या अंडाशयात एखादं फॉलिकल पाळीच्या आधीच वाढायला लागतं, इस्ट्राडिओल लवकर चढतं आणि पिट्युइटरीला दाबून धरतं. तो 7 दिलाशाचा नाही. म्हणून ई-टूशिवाय नुसता एफएसएच करायला कुणी आलं की मी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायला सांगते. दुसरी फसगत बायोटिनची. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांतलं बायोटिन काही मशीनच्या रसायनांत लुडबुड करतं. एफएसएच खोटा कमी आणि ई-टू खोटा जास्त दाखवतं. "गोळ्या चालू आहेत का?" या प्रश्नाला "नाही" असंच उत्तर येतं. "केसांसाठी काही?" म्हटलं की पर्समधून पाकीट निघतं.

वाढलेला आकडा घेऊन गेलेली बाई महिन्याभराने पुन्हा येते आणि विचारते, "लेव्हल खाली आली का?" मागच्या वेळी 14, आता 9. तिचा चेहरा उजळतो, आणि मला काय बोलावं सुचत नाही. एफएसएच महिन्यागणिक वरखाली होतोच. साठ्याच्या दृष्टीने आधी चढलेला आकडाच विचारात घ्यावा लागतो. तो खाली आलेला महिना पकडून उपचार केले म्हणून अंडी वाढत नाहीत. इस्ट्रोजेनच्या गोळीनेही आकडा उतरतो, साठा तेवढाच राहतो. 'एफएसएच कमी करणारी' चूर्णं आणि काढे विकणाऱ्यांचं फावतं ते याच गैरसमजावर.

गंमत अशी की वंध्यत्वाच्या उपचारात टोचतात तेही एफएसएचच. हे औषध पहिल्यांदा मिळालं ते पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून, कारण त्यांच्यात हे हार्मोन भरपूर असतं. इटलीत रसायनशास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी 1949 मध्ये ते शुद्ध केलं, पुढे ननांच्या मठांमधून लघवी गोळा केली गेली, आणि डॉ. ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांतून 1962 मध्ये इस्रायलमध्ये पहिलं बाळ जन्मलं. आज हेच हार्मोन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतात. पण ज्या अंडाशयात मुळात फॉलिकलच कमी, तिथे डोस वाढवत नेऊन फार हाती लागत नाही. दिवसाला 300 युनिटच्या वर जाऊ नये, अशी युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.

मग हा आकडा सांगतो तरी काय? इंजेक्शनांना अंडाशय किती दाद देईल, याचा अंदाज. अंडी किती चांगली, ते मुख्यतः वयावर ठरतं. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या 30 ते 44 वयाच्या बायकांचा एक अमेरिकन अभ्यास 2017 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात एफएसएच वाढलेल्या बायकांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता कमी आढळली नाही. उपचार घेणाऱ्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरं. पण 30 वर्षांची, 13 एफएसएच असलेली बाई आणि 42 वर्षांची, 8 एफएसएच असलेली बाई यांत पहिलीचं पारडं सहसा जड असतं. पहिल्याच रिपोर्टवर "डोनर एग घ्या" असं ऐकून आलेल्या मुली मी काउंटरवर रडताना पाहिल्यात. दात्याच्या अंड्याचा मार्ग चांगलाच आहे, आपल्याकडे 2021 च्या कायद्याने त्याला नियमही घातलेत. पण तो एका ट्यूबवर ठरू नये.

तेव्हा रक्त द्यायला जाल तेव्हा पाळीची तारीख लिहून न्या, घेत असलेली प्रत्येक गोळी सांगा, केसांचीसुद्धा. एफएसएचसोबत ई-टू आहे ना, ते चिठ्ठीवर बघा. डॉक्टरांकडे एएमएच (साठ्याचा अंदाज देणारं दुसरं हार्मोन) आणि सोनोग्राफीतली फॉलिकलची मोजणी सोबत घेऊन बसा. आणि वय पस्तिशीपुढे असेल, सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नसतील, तर आकडा उतरायची वाट बघत बसू नका.